हाड म्हटलेलं कुत्रं

भोकरच्या बसस्टँडवर चपलेचा अंगठा नीट करायला कुणी खाली वाकलं, की दहा पावलांवर झोपलेलं कुत्रं उठून चालायला लागतं. दगड कुणी उचललेला नसतो, ‘हाड’ही म्हटलेलं नसतं. पण वाकलेला माणूस सरळ होतो तेव्हा त्याच्या हातात काय असतं, हा हिशोब त्याने पिल्लू असतानाच मांडून ठेवलेला असतो. आपल्या गल्लीतल्या कुत्र्याला माणसाच्या भाषेतले दोन शब्द पक्के येतात. एक ‘यू यू’, तो उरलंसुरलं टाकताना कानावर पडतो. दुसरा ‘हाड’, तो दिवसभर.

असं कुत्रं घरी आणून माणसात बसवायचं कसं, याबद्दल आपल्याकडे दोन मतं ऐकू येतात. एक म्हणतं, जीव लावला की झालं. दुसरं म्हणतं, दोन दांडके हाणले की झालं. मी पहिल्या मताचा होतो. त्या मताचा वण माझ्या उजव्या मनगटावर आहे.

दोन वर्षांपूर्वी सोयाबीन काढणीच्या दिवसांत आमच्या आखाड्याजवळच्या बांधावर एक भुऱ्या रंगाची कुत्री तारेत अडकलेली सापडली. रानडुकरांसाठी कुणीतरी क्लचवायरचा फास लावून ठेवला होता. डुक्कर आलं नाही, ही आली. सुटायला जितकी ओढ घेतली तितकी तार मानेत रुतत गेली असणार, आणि हे रात्रभर चाललं असणार. आमच्या सालगड्याला आम्ही मामा म्हणतो. मामांनी तिच्या तोंडावर पोतं टाकलं आणि पक्कडने तार तोडली. पोतं काढलं तरी ती पळाली नाही. तिथेच पडून राहिली. मला ते फार चांगलं लक्षण वाटलं. बिचारीला कळलं, आपण तिचे वैरी नाही, असं मी म्हणालोसुद्धा. मामा म्हणाले, “मालक, आज हिला काही करू नका. पाणी ठेवा आन् बाजूला व्हा.”

मी बाजूला झालो नाही. गाडीत घालून गावातल्या घरी आणली, ओसरीवर ठेवली, शेजारपाजारची पोरं गोळा झाली, प्रत्येकाने डोक्यावरून हात फिरवला. मग मला तिच्या मानेतलं रक्त आणि चिखल बघवेना, म्हणून न्हाणीत नेऊन कोमट पाण्याने धुवायला घेतली. तोवर ती दगडासारखी गप्प होती. गळ्याशी हात गेला आणि तिने मनगट धरलं. माय दारातून म्हणाली, “कायला आणलास रे हे? आता घे सुया टोचून.”

सुयांचं आधी सांगून टाकतो, कारण यात चुकीला जागा नाही. कुत्रं चावलं की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काहीही भरायचं नाही. मग सरकारी दवाखाना. पोटात चौदा इंजेक्शनं हा जुना बागुलबुवा आता राहिलेला नाही. कातडीत द्यायची लस पहिल्या दिवशी, मग तो दिवस शून्य धरून तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घ्यावी लागते. रक्त आलं असेल तर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. चावलेलं कुत्रं डोळ्यांसमोर असेल तर दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवतात. ते ठणठणीत राहिलं तर चावलं त्या दिवशी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता, असं समजतात. पण हे दहा दिवस संपेपर्यंत लस घ्यायची थांबायचं नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. या रोगाबद्दल एवढं एकच वाक्य लक्षात ठेवलं तरी पुरे.

ती दहा दिवसांनी ठणठणीत होती. पण चुकलं कुठे, हे मला पुढे बरंच वाचल्यावर कळलं.

भीती शरीरात कसा मुक्काम ठोकते, याची एक फार बोलकी नोंद कुत्र्यांवरच झाली, आणि तीही अपघाताने. २३ सप्टेंबर १९२४ रोजी लेनिनग्राडमध्ये नेवा नदीला महापूर आला. इव्हान पावलोव्हच्या प्रयोगशाळेतली कुत्री तेव्हा पिंजऱ्यांत कोंडलेली होती. पाणी चढत गेलं, कुत्री नाक वर धरून पोहत राहिली. सोडवायला माणसं पोचली तोवर पिंजऱ्यांची दारं पाण्याखाली गेली होती, त्यामुळे एकेका कुत्र्याला आधी पाण्यात दाबून मग बाहेर काढावं लागलं. कुत्री वाचली. पण ठरावीक खुणेला लाळ गाळण्याची जी शिकवण पावलोव्हने त्यांच्यात वर्षानुवर्षं रुजवली होती, ती काहींच्या बाबतीत पार पुसली गेली. त्यातलं एक कुत्रं पुढे सावरलं. तेव्हा प्रयोगाच्या खोलीत दाराखालून पाण्याची बारीक धार आत सोडून पाहिली. पूर नव्हे, नुसता ओघळ. तेवढ्याने ते कुत्रं पुन्हा कोलमडलं.

आपल्या भागात हे समजावून सांगायची गरज पडू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली, त्यानंतर कितीतरी दिवस लातूरकडची माणसं छपराखाली झोपायला धजत नव्हती. रस्त्यावरून जड ट्रक गेला तरी उठून अंगणात येत. त्यांना काय कळत नव्हतं, की हा ट्रक आहे? डोक्याला कळत होतं. पायांना कळत नव्हतं.

भुरीच्या दाराखालचा ओघळ कोणता, हे शोधायला मला तीन आठवडे लागले. (नाव तोवर पडलं होतं, ते कुणी ठेवलं नाही.) नंदीग्राम एक्सप्रेसचा भोंगा तिला चालत होता. स्कूटर, कुकरची शिट्टी, मशिदीचा भोंगा, सगळं चालत होतं. पण माझ्या मुलाने चार्जरची वायर गुंडाळायला घेतली की ती बाजेखाली. कपड्यांची दोरी वाऱ्याने हलली की बाजेखाली. आणि मी मोठ्या प्रेमाने नांदेडहून आणलेला लाल पट्टा दाखवला, तेव्हा तर तिने जागेवरच मुतलं.

त्याच १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स नावाच्या बाईंनी पीटर नावाच्या तीनेक वर्षांच्या पोराची गोष्ट छापली. पीटर पांढऱ्या सशाला घाबरायचा. जोन्सबाईंनी त्याला समजावलं नाही, रागावल्या नाहीत, सशाला हात लाव म्हणून हट्टही धरला नाही. पीटर आवडीचं खायला बसला की पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दूरच्या टोकाला ठेवायचा, त्याच्या घासात अडथळा येणार नाही इतका दूर. मग दिवसादिवसाने थोडा जवळ. शेवटी ससा पीटरच्या मांडीवर आला. एकाच वर्षी पावलोव्हच्या पुराने दुखणं दाखवलं आणि जोन्सबाईंच्या सशाने औषध. भेदरलेल्या कुत्र्यांवर आज जगभर जे उपचार होतात त्यांच्या मुळाशी अजून हाच ससा आहे.

यातली खरी मेख ‘किती दूर’ या दोन शब्दांत आहे. प्रत्येक भीतीला एक वेस असते. वेशीच्या अलीकडे कुत्रं बघतं, कान टवकारतं, विचार करतं, शिकतं. वेस ओलांडली की शिकणं बंद. मग फक्त पळणं, गोठणं किंवा चावणं. आपण सगळे जी चूक करतो ती हीच, की वेशीच्या पलीकडे उभं राहून अलीकडे ये म्हणून हाका मारतो. वेस कुठे आहे हे कळायला यंत्र लागत नाही. खाणं हेच थर्मामीटर. समोर उकडलेलं अंडं असून कुत्रं घेत नाही, किंवा घेतं पण बोटासकट ओरबाडतं, म्हणजे आपण फार जवळ आलोय. दोन पावलं मागे.

खाण्याच्याही आधी कुत्रं बरंच काही सांगत असतं, पण ते आपल्या वाचनात नसतं. झोप आलेली नसताना जांभई, समोर काही नसताना ओठांवरून जीभ, तोंड एकीकडे आणि डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरं, उचलून धरलेला एक पंजा, ऊन नसताना धाप. हे सगळं ‘नको’ आहे. न्हाणीत भुरीने हे सगळं केलं असणार. मी साबण बघत होतो. आणि गुरगुरणं ही तर तिची मेहेरबानी समजायची. गुरगुरल्याबद्दल ज्या कुत्र्याला मार मिळतो ते गुरगुरायचं सोडतं, चावायचं नाही. मग लोक म्हणतात, न सांगता चावलं.

आता त्या पहिल्या दिवसाकडे पुन्हा येतो. तार तुटल्यावर ती पळाली का नाही?

१९६७ साली मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या दोन तरुण संशोधकांनी पेनसिल्व्हानियात कुत्र्यांवर एक प्रयोग केला. आज तो वाचवत नाही. काही कुत्र्यांना विजेचे झटके दिले, पण डोक्याने एक फळी दाबली की झटका थांबत होता. दुसऱ्या गटाला तेवढेच झटके, पण फळी दाबा किंवा काही करा, थांबायचे नाहीत. नंतर दोन्ही गटांना अशा खोक्यात ठेवलं, जिथे मधला बुटका अडसर ओलांडला की सुटका होती. पहिल्या गटाने उडी मारली. दुसऱ्या गटातली बहुतेक कुत्री आडवी पडली, कण्हली आणि झटके सोसत राहिली. दार उघडं होतं, पण दार या गोष्टीवरचा त्यांचा विश्वास उडाला होता. पुढच्या वर्षी त्यांनी अशा कुत्र्यांना बरं करायचा प्रयत्न केला, तेव्हा आमिष दाखवून काही झालं नाही. दोरी बांधून अडसराच्या पलीकडे पुन्हा पुन्हा ओढून न्यावं लागलं, तेव्हा कुठे ती आपली आपण जायला लागली.

पन्नासेक वर्षांनी, २०१६ मध्ये, याच दोघांनी आपलाच निष्कर्ष उलटा केला. मेंदूचा नवा अभ्यास हाताशी आल्यावर ते म्हणाले, आम्हाला वाटलं होतं कुत्री हतबलता शिकली. तसं नाही. दीर्घ यातनेत गळून जाणं हा मेंदूचा जन्मजात स्वभावच आहे. शिकावी लागते ती दुसरी गोष्ट, म्हणजे माझ्या करण्याने काहीतरी बदलतं ही. स्वतःची चूक पन्नास वर्षांनी स्वतः दुरुस्त करणारे विद्वान मला फार आवडतात. आपल्याकडे अशी प्रथा नाही.

भुरीचं तारेजवळ पडून राहणं हा विश्वास नव्हता, गळून जाणं होतं. ओसरीवर शेजारच्या पोरांचे हात सोसणं तेच होतं. ‘गरीब आहे हो, काही करत नाही’ असं आपण ज्या कुत्र्याबद्दल म्हणतो, ते पुष्कळदा या अवस्थेत असतं. आणि मग त्याच्यासाठी काय करायचं हे आपोआप ठरतं. त्याच्या हातात काहीतरी द्यायचं. म्हणजे त्याच्या ‘नको’ला किंमत द्यायची, इतकी की त्याला कळावं, मी मान फिरवली की माणूस थांबतो.

हे लिहायला एक ओळ लागली, करायला पाच महिने. मी ओसरीच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून, बाजेखाली पोतं टाकलं. तिन्ही बाजूंनी आडोसा, चौथ्या बाजूने दोन वाटा, एक अंगणाकडे आणि एक परसाकडे. वाट एकच असेल तर तो आडोसा नाही, सापळा आहे. घरात सगळ्यांना एकच नियम सांगितला, की बाजेखाली असलेल्या भुरीकडे कुणी बघायचंसुद्धा नाही. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून, वर एक उकडलेलं अंडं. जागा तीच, ताटली तीच. पुढे काय होणार हे ज्याला ठाऊक असतं त्याला निम्मी भीती कमी असते, हे परीक्षेला बसलेल्या कुणालाही विचारा.

मी तिच्याकडे पाठ करून, वर्तमानपत्र घेऊन, बाजूला बसायचो. समोरून येणारा, डोळ्यांत डोळे घालणारा, वरून डोक्यावर हात आणणारा माणूस कुत्र्याच्या भाषेत भांडायलाच आलेला असतो. पाठ केलेला माणूस म्हणजे नुसतं झाड. बाराव्या दिवशी माझ्या कोपराला ओलं नाक लागलं. मी पान उलटलं नाही. बातमी कसली होती आठवत नाही.

मग पट्ट्याचं काम. मानेचा पट्टा विसरायचाच होता, म्हणून मोच्याकडून नवारीचा छातीपट्टा शिवून घेतला. लोखंडी कडी नको, बटण लाकडी. पहिले चार दिवस तो पट्टा अंगणाच्या टोकाला नुसता पडून होता आणि ती ओसरीत कलेजी खात होती. (काळजाचा तुकडा म्हणतात तो हाच, चण्याएवढा कापलेला.) मग तो दिवसाला हातभर जवळ सरकला. ताटलीशेजारी पोचला तेव्हा तिने खाणं थांबवलं, म्हणून पुन्हा हातभर मागे. असं एकदा नाही, सहा वेळा झालं. मग मी पट्टा वर्तुळासारखा धरायचो आणि पलीकडून तुकडा दाखवायचो. डोकं तिने स्वतः आत घालायचं आणि हवं तेव्हा काढून घ्यायचं. मी धरायचं नाही. ती डोकं घालायची, तुकडा उचलायची आणि मागे व्हायची. शेकडो वेळा. शेजारच्या गुरुजींनी एकदा भिंतीवरून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “अहो, हे किती दिवस चालणार?” सदतिसाव्या दिवशी बटण लागलं.

अमेरिकेतल्या प्राणी-निवाऱ्यांत तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ढोबळ आराखडा सांगतात. तीन दिवस भांबावण्याचे, तीन आठवडे घराची रीत कळायला, तीन महिने आपलं वाटायला. भुरीने कुठलाच मुक्काम वेळेवर गाठला नाही. पण आराखडा उपयोगी पडतो तो आपल्याला, कारण तिसऱ्या दिवशी ‘हिला माझी कदर नाही’ असं वाटायचं थांबतं.

आपल्याकडचा दुसरा पंथ दांडक्याचा. त्याला हल्ली इंग्रजी मुलामाही मिळालाय. कुत्रं लांडग्याच्या जातीचं, कळपात एक म्होरक्या असतो, तो म्होरक्या तुम्ही व्हा, वगैरे. ही कल्पना १९४७ च्या सुमारास रुडॉल्फ शेंकेल यांनी कोंडून ठेवलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांवरून मांडली आणि डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे जगभर पसरली. पुढे मीच यांनी रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले. कळप म्हणजे साधं कुटुंब निघालं, आईबाप आणि पोरं. १९९९ मध्ये त्यांनी तसं लिहून टाकलं. पण म्होरक्याची गोष्ट यूट्यूबवर अजून जिवंत आहे.

त्याच्याच जोडीचा एक समज असा, की घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर भीती वाढते. भीती ही काही उंडगेपणाची सवय नव्हे, की लाड केल्याने वाढावी. ते आपण होऊन तुमच्या पायाशी आलं तर बसू द्या, हात ठेवा. फक्त तुम्ही जाऊन कवटाळू नका.

दुखण्याचं मात्र आधी बघायला हवं होतं. चिडकेपणाच्या मागे पुष्कळदा दुखणं असतं. कान सडलेला असतो, जुनं हाड मोडलेलं असतं, गोचिडांमुळे ताप असतो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात बैल-म्हशींची रांग असते आणि तिच्यात कुत्रं घेऊन उभं राहिलं की लोक हसतात. हसू द्यावं. मोठं काम निघालं तर परभणी आणि उदगीर, दोन्हीकडे सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, आणि १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा फोन आहे. लूत लागलेल्या कुत्र्याला गॅरेजमधलं जळकं ऑइल चोपडायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. ते कातडीतून आणि चाटण्यातून पोटात जातं, विष आहे. आपल्या डोकेदुखीची, अंगदुखीची गोळीही द्यायची नाही. आयब्युप्रोफेनने कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंड जातं. भीती फारच खोल असेल तर मेंदूवर काम करणारी औषधं असतात, पण ती डॉक्टरनेच लिहायची.

सगळी भित्री कुत्री मात्र एका जातीची नसतात. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी १९६५ च्या ग्रंथात दाखवलं, की पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत एक खिडकी उघडी असते. या काळात ज्याला माणसाचा चांगला हात लागला, त्याला माणूस ही ओळखीची वस्तू वाटते. ज्याला लागला नाही, त्याला पुढे नुसती भाकरी कितीही घाला, माणूस हा लांडग्याच्या यादीतच राहतो. मार खाल्लेलं कुत्रं आणि माणूस न पाहिलेलं कुत्रं वरून सारखीच दिसतात. पहिल्याला विसरलेलं आठवून द्यायचं असतं, दुसऱ्याला मुळापासून शिकवायचं असतं. भुरीने भाकरीची ताटली लांबून ओळखली. कधीतरी कुणाच्या तरी आखाड्यावर तिने सुखाने खाल्लं होतं.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचं हे जग आपल्याकडे मोजून पाहिलंय कोलकात्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतल्या अनिंदिता भद्रा यांच्या गटाने. त्यांनी ३६४ पिल्लांवर नजर ठेवली. त्यातली वयात येईपर्यंत जगली ती जेमतेम १९ टक्के, आणि मेलेल्यांपैकी ६३ टक्क्यांच्या मरणात कुठल्या ना कुठल्या रीतीने माणसाचा हात होता. याच गटाच्या २०१७ च्या अभ्यासात रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्यांना रोज खाऊ आणि रोज मायेचा हात यांची तुलना केली. विश्वास जास्त बसला तो हाताने. मार देणारा आणि माया देणारा हात एकच असतो, आणि कुत्रं तरी पुन्हा त्याच हाताकडे येतं, याचं काय करायचं मला कळत नाही.

नामदेवांची गोष्ट इथे आठवतेच, आमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचे म्हणून जास्तच. कुत्रं कोरडी पोळी घेऊन पळालं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. भूतदयेपुढे हात जोडतो, पण भुरी पाळल्यापासून एक शंका येते. तोंडात पोळी असलेल्या कुत्र्यामागे माणूस धावला तर ते थांबेल कसं? ते देवच होते म्हणून थांबले असतील. आमची भुरी थेट किनवटला पोचली असती. कुत्र्याशी आपलं नातंच असं दुपेडी. माहूरच्या दत्तशिखरावर दत्ताच्या पायाशी चार कुत्री, लोकमानसात ते चार वेद. माळेगावच्या खंडोबाचा भक्त स्वतःला वाघ्या म्हणवतो, म्हणजे देवाचं कुत्रं. त्याच माळेगावच्या यात्रेत घोड्यांबरोबर श्वानांचंही प्रदर्शन भरतं, चकचकीत कारवानी कुत्री बक्षिसं घेतात. आणि यात्रेच्या खरकट्यावर जगणाऱ्याला हाड.

२०१९ च्या पशुगणनेत देशात दीड कोटीहून जास्त भटकी कुत्री मोजली गेली, महाराष्ट्रात पावणेतेरा लाखांच्या आसपास. एवढ्यांना घरं मिळणार नाहीत, मिळायची गरजही नाही. २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात, की कुत्रं धरावं, नसबंदी आणि लस करावी आणि जिथून आणलं तिथेच सोडावं. आपल्या गल्लीत निर्धास्त असलेल्या कुत्र्याला उचलून बंद घरात आणणं हा त्याच्यावर उपकार नसतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली सगळी कुत्री निवाऱ्यात कोंडण्याचा आदेश दिला आणि अकराच दिवसांनी, २२ ऑगस्टला, मोठ्या पीठाने तो बदलला. त्या बदललेल्या आदेशात दत्तक घेणाऱ्यांसाठी एक कलम आहे. पालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घेता येईल, पण घेतल्यावर ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची. गाजावाजा बाकीच्या भागाचा झाला. माझ्या दृष्टीने वजनदार वाक्य हेच होतं.

दत्तकाची आपल्याकडची सगळ्यांत प्रसिद्ध गोष्ट रतन टाटांच्या ‘गोवा’ची. टाटांनी सांगितल्याप्रमाणे पिल्लू असताना तो गोव्यात त्यांच्या सहकाऱ्याच्या गाडीत आपण होऊन चढला आणि मुंबईत बॉम्बे हाउसपर्यंत आला. २०१८ मध्ये ती इमारत डागडुजीनंतर उघडली तेव्हा आवारातल्या भटक्या कुत्र्यांसाठी तळमजल्यावर खोली ठेवली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये टाटा गेले, तेव्हा अंत्यदर्शनाला गोवालाही आणलं होतं. लोकांनी यात मालकाचं मोठेपण पाहिलं. मी ‘आपण होऊन चढला’ यावर अडकतो. निवड त्याची होती, पुढचं म्हणून सोपं गेलं.

निवड नसलेल्यांची गोष्ट २००७ ची, अमेरिकेतली. मायकेल विक या फुटबॉलपटूच्या व्हर्जिनियातल्या जागेवरून झुंजींसाठी पाळलेली पन्नासेक कुत्री सोडवली. ती सुधारणारी नाहीत, मारून टाका, असं मोठमोठ्या प्राणीसंस्थांचंही म्हणणं होतं. न्यायालयाने प्रत्येक कुत्रं वेगळं तपासायला लावलं. वागणुकीवरून मारावं लागलं ते एकच निघालं. सगळ्यांत अवघड बावीस जण युटामधल्या ‘बेस्ट फ्रेंड्स’च्या निवाऱ्यात गेले, त्यातले कित्येक पुढे घरांत नांदले. काही भित्रेच राहिले. अमेरिकेच्याच एका मोठ्या संस्थेने खास भेदरलेल्या कुत्र्यांसाठी केंद्र काढलं. २०२२ मध्ये त्यांनी हिशोब छापला, तेव्हा ४४१ कुत्र्यांपैकी सुमारे ८६ टक्के घरी जाण्याजोगी झाली होती. म्हणजे सातातलं एक झालं नाही. तेही सांगितलं पाहिजे.

म्हणून, घरात रांगतं मूल असेल, दिवसभर कुलूप असेल, वर्षभरात बदली व्हायची असेल, तर आणू नका. गल्लीतल्या कुत्र्याला पाणी ठेवा, त्याची लस करून घ्या, तेही पुष्कळ झालं. आणि आणलंच, तर ते कधीच पाहुण्यांपुढे मिरवण्याजोगं होणार नाही, हे धरून चाला. भुरी अजून अनोळखी माणूस आला की उठून परसात जाते. आम्ही जाऊ देतो.

भीती पुसली जात नाही. तिच्यावर नवी आठवण बसते, आणि खालची जुनी तशीच असते. पहिल्या दिवाळीला फटाके सुरू झाले तेव्हा भुरी भिंत चढून पळाली. तिसऱ्या दिवशी रेल्वे फाटकाजवळच्या मोरीत सापडली, दोन दिवस काही न खाल्लेली. यंदा महिनाभर आधीपासून मोबाइलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावून कलेजीचे तुकडे खाऊ घातले, रोज टिचभर मोठा. तरी लक्ष्मीपूजनाला लड लागली तशी ती थरथरत बाजेखाली गेली. मायने तिच्या पोत्याशेजारी भाकरीचा चतकोर ठेवला आणि दिव्याची वात सारून आत निघून गेली. रात्री अकराच्या पुढे, स्टेशनच्या बाजूला सुतळी बॉम्ब चालूच होते, तेव्हा बाजेखालून कडक पापुद्रा दाताखाली मोडल्याचा आवाज आला.